डफाला जागा कुठे?

२०१६ हे शाहीर अमर शेख यांच्या जन्मशताब्दीचे वर्ष होते. बार्शीच्या एका गरीब मुसलमान घरात २० ऑक्टोबर १९१६ रोजी मेहबूब हुसेन पटेल नावाचे मूल जन्माला आले. या मुलाने पुढे गिरणगावाच्या मैदानात ध्वनिक्षेपक बंद पडला तरी शेवटच्या माणसापर्यंत पोहोचणारा आवाज लावला आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अख्खा मराठी मुलूख जागा ठेवला. त्याच्या नावाने एक संध्याकाळ गिरणगावातच साजरी करावी, असे आम्हा काही मित्रांच्या मनात आले. आमच्यात दोन शिक्षक, एक बँकेतला कारकून, गिरणी कामगारांची तीन-चार मुले आणि उरलेले कवी. मागणी काही फार मोठी नव्हती. दोनशे खुर्च्या, एक रंगमंच, तीन तास. डफ, तुणतुणे, ढोलकी आणि पेटी आमची आम्ही आणणार होतो.

पहिल्या सभागृहाच्या दारावर पुनर्विकासाचा फलक होता. दुसऱ्याच्या व्यवस्थापकाने छापील दरपत्रक पुढे सरकवले. लग्न, वाढदिवस, कंपनीचा मेळावा, सगळ्यांना एकच भाव, वातानुकूलन सक्तीचे, ध्वनिव्यवस्था त्यांच्याच कंत्राटदाराकडून घ्यायची. बेरीज केली तेव्हा आमची सहा महिन्यांची वर्गणीही पुरत नव्हती. काही सवलत देता येईल का, असे विचारले तर ते गृहस्थ हसून म्हणाले, "साहेब, एकाला सवलत दिली तर रोज कुणीतरी शताब्दी घेऊन येईल." तिसऱ्या ठिकाणी अमर शेख कोण, इथपासून सुरुवात झाली आणि आडनाव ऐकल्यावर "पोलिसांचे पत्र आणावे लागेल" इथे संपली. चौथी जागा आमच्याच बिरादरीच्या एका न्यासाची. तिथे भाडे अगदी माफक, माणसे अदबशीर, चहाही पाजला. मात्र अट एकच: वाद्य वाजवायचे नाही.

शेवटी ओळखीने एका शाळेचा वर्ग मिळाला. लहान मुलांच्या बाकांवर साठ-सत्तर माणसे गुडघे पोटाशी घेऊन बसली. सत्तरी ओलांडलेल्या एका निवृत्त गिरणी कामगाराने डफ हातात घेतला. आपण पोरवयात गिरणीच्या गेटवर अमर शेखांना ऐकले होते, एवढे सांगून त्यांनी पहिला पोवाडा उचलला. दुसरा सुरू होतो न होतो तोच शाळेचा पहारेकरी धावत आला. समोरच्या टॉवरमधून फोन आला होता, आवाजाचा त्रास होतो म्हणून. संध्याकाळचे सव्वासात वाजले होते.

त्या दिवसापासून आम्ही या प्रश्नाचा पाठलाग करीत आहोत. मुंबईत गाण्याला जागा का उरली नाही? आणि जागा उरली नाही म्हणजे नेमके काय गेले? बरेच जण सांगतात की काळ बदलला, माणसांची आवड बदलली, मोबाइल आला, लोककला तशाही मरणारच होत्या. आम्हाला हे मान्य नाही. आवड बदलते हे खरे, पण ज्या शहरात अमुक एक गाणे ऐकायची सोयच काढून घेतली, तिथे आवड बदलली हे ठरवणार कसे? गाणे मेले हा निष्कर्ष आधी काढला गेला आणि त्याचा पुरावा म्हणून रिकामी पडलेली थिएटरे दाखवली गेली. ती रिकामी कुणी केली, हे विचारायचे नाही.

मुंबईचे गाणे सुरुवातीपासूनच स्वस्त जागांतून वर आले आहे. पिला हाऊस हे नावच पाहा. 'प्ले हाऊस'चे आपल्या लोकांनी केलेले हे बारसे. तिथे पारशी-उर्दू नाटक कंपन्यांचे खेळ झाले, पट्ठे बापूराव आणि पवळा यांच्या तमाशाने तिथली थिएटरे दणाणून सोडली, पुढे तिथे सिनेमे लागले. तिथला प्रेक्षक गोदीतला हमाल, गिरणीतला बदली कामगार, टांगेवाला, भेंडीबाजारातला कारागीर असा होता. त्याच्या खिशात जेवढे पैसे, तेवढेच तिकीट. तो मराठी की उर्दू, हिंदू की मुसलमान, हे दरवाजावर विचारत नव्हते. लालबागच्या हनुमान थिएटरात गावाकडचे फड उतरत, तेव्हा सातारा-सांगलीकडचा कामगार पाळी संपवून थेट तिथे जाई. गिरगावात लक्ष्मीबाग होती, ट्रिनिटी क्लब होता, ऑपेरा हाऊसजवळ प्रा. बी. आर. देवधरांनी १९२५ साली सुरू केलेली संगीतशाळा होती. या शाळेत बडे गुलाम अली खाँसाहेबांसारखा गवई येऊन बसे, आणि समोर बसलेली मंडळी म्हणजे कुणी कारकून, कुणी शाळामास्तर, कुणी विद्यार्थी. या जागांना आज आपण 'सांस्कृतिक केंद्र' म्हणतो. त्या काळी ती एक खोली असे, खाली सतरंजी, आणि बाहेर चपलांचा ढीग.

भेंडीबाजाराचे तर वेगळेच सांगायला हवे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तरेकडच्या बिजनौर-मुरादाबाद भागातून छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे तीन भाऊ मुंबईत आले आणि याच वस्तीत राहिले. ते जे गायला लागले त्याला लोक भेंडीबाजार घराणे म्हणू लागले. ग्वाल्हेर, आग्रा, किराणा, जयपूर, पतियाळा या नावांच्या पंगतीत मुंबईच्या एका गजबजलेल्या बाजाराचे नाव बसले, हे या शहरातल्या मुसलमान वस्तीचे केवढे मोठे भाग्य! नझीर खाँसाहेबांची शिष्या अंजनीबाई मालपेकर गोव्याकडच्या कलावंत घराण्यातली. १९५८ साली संगीत नाटक अकादमीने तिला आपली फेलोशिप दिली. छज्जू खाँचे चिरंजीव अमान अली खाँ यांनी कर्नाटक संगीतातले राग आणि सरगम आपलेसे केले, त्यांच्या बंदिशींत कृष्ण आला, आणि लता मंगेशकरांनीही उमेदवारीच्या काळात काही दिवस त्यांच्याकडे तालीम घेतली. मुसलमान उस्ताद, गोमंतकीय शिष्या, दाक्षिणात्य राग, व्रजभाषेतली बंदिश. ज्यांना संमिश्र संस्कृती म्हणजे काय हे परिसंवादात समजावून घ्यावे लागते त्यांनी ही चार नावे पाठ करावीत.

आणि मदनपुरा. उत्तर हिंदुस्थानातून आलेले मोमीन विणकर गिरण्यांच्या साच्यांवर होते, म्हणजे विणकाम खात्यात होते. त्या खात्यात दलितांना घेत नसत, कारण धोट्याचा धागा तोंडाने ओढावा लागे आणि इतरांना त्याचा विटाळ होई. हा कलंक आम्ही विसरलेलो नाही आणि गिरणगावाची आरती ओवाळणाऱ्यांनीही विसरू नये. पण त्याच मदनपुऱ्यात कैफी आझमी कामगारांत काम करीत होते. तिकडे परळ-लालबागेत १९४४ साली अण्णा भाऊ साठे, द. ना. गव्हाणकर आणि अमर शेख यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. एक मांग, एक मुसलमान आणि एक गव्हाणकर! हे त्रिकूट कुठल्याही नाट्यगृहात जन्मले नाही. ते गिरणीच्या गेटवर, कामगार मैदानावर, चाळीच्या चौकात उभे राहिले. सरकारने पुढे त्यावर बंदी घातली. पण बंदीने कलापथके संपत नसतात. मैदान गेले, चौक गेला की संपतात. सरकारला जे साधले नाही ते बिल्डरला साधले, असे आम्ही म्हणतो ते याच अर्थाने.

कव्वालीचेही तेच. शकीलाबानो भोपाली, इस्माईल आझाद, अझीज नाझाँ ही नावे आज सिनेमाच्या गाण्यांमुळे माहीत असतात, पण या मंडळींचे खरे राज्य मोहल्ल्यातल्या मुकाबल्यांत होते. रस्ता अडवून तंबू ठोकलेला, रात्र चढत चाललेली, एका बाजूने शेर आला की दुसऱ्या बाजूने त्याला उत्तर. कव्वालीचा हा ढाचा आंबेडकरी शाहिरांनी उचलला. प्रल्हाद शिंदे आणि विठ्ठल उमप यांनी भीमजयंतीच्या मंचावर कव्वालीच्या चालीत बाबासाहेब गायिले. नायगाव-वरळीच्या बीडीडी चाळींतला बौद्ध तरुण टाळीच्या ठेक्यावर भीमगीत म्हणे, तेव्हा ती टाळी खानकाहीतून आली आहे हे कुणी त्याला सांगितले नव्हते आणि सांगायची गरजही नव्हती. ते चालत चालत, भायखळ्याहून नायगावपर्यंत, आले होते. अशी देवाणघेवाण व्हायला दोन वस्त्यांच्या मध्ये एखादे मैदान असावे लागते. आज तिथे वाहनतळ आहे.

आता हिशेब मांडू. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले आणि तो कधी रीतसर मिटलाच नाही. पुढे १९९१ साली सरकारने विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वा नियम आणला. त्यात म्हटले होते की गिरणीची जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. कागदावर हे बरे होते. सुमारे सहाशे एकरांतला तिसरा हिस्सा मोकळा राहिला असता तर गिरणगावात आज किती मैदाने असती, किती खुले रंगमंच झाले असते, याचा प्रत्येकाने आपापल्या मनाशी विचार करावा. पण २००१ साली नियमाची एक दुरुस्ती झाली आणि वाटणी संपूर्ण जमिनीची न होता फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या तुकड्याची करायची ठरली. गिरणीची शेड उभी होती ती जागा हिशेबातून बाहेर! मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली हे अडवले. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये मालकांच्या बाजूने कौल दिला. खाउजा धोरणाचे जे काही गुणगान गेल्या काही दशकांत झाले, त्यात ही एक ओळीची दुरुस्ती कुठे येत नाही. आमच्या मते मुंबईच्या लोकसंगीताच्या इतिहासात तिला एक स्वतंत्र प्रकरण दिले पाहिजे.

यानंतर जे झाले त्यात एक विचित्र न्याय आहे. गिरण्यांच्या जागी मॉल आले, कार्यालये आली, मद्यालये आली. लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात २००७ साली ब्लू फ्रॉग नावाची संगीताची जागा सुरू झाली. तिथे इंग्रजी बँड वाजत, जॅझ वाजे, कधी सूफी म्हणून काहीतरी वाजे. तिथे जाणारा वर्ग आमचा नव्हता आणि तिकिटाचे पैसे आमच्या बजेटात नव्हते. तरीही मान्य केले पाहिजे की तिथे स्वतःची गाणी स्वतः रचणाऱ्या तरुणांना एक रंगमंच मिळाला होता, आणि देशभरातले असे तरुण त्या रंगमंचाकडे आशेने बघत होते. २०१६ साली ती जागाही बंद झाली. म्हणजे ज्या बाजाराने शाहिराला हाकलले, त्याच बाजाराने शाहिराच्या जागी आलेल्या गिटारवाल्यालाही आठ-नऊ वर्षांत बाहेर काढले. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत काळा घोड्याचे रिदम हाऊस बंद झाले होते. तिथे तीन पिढ्यांनी उभ्या उभ्या गाणे ऐकून मग तबकड्या विकत घेतल्या होत्या. अमर शेखांची शताब्दी, रिदम हाऊस आणि ब्लू फ्रॉग, तिन्ही एकाच सालात. काही मित्रांना आमचा हा जोड खटकतो. डफ आणि गिटार यांचे दुःख एक कसे, असे ते विचारतात. दुःख एक नाही, पण घरमालक एक आहे. जी जागा दर चौरस फुटाला महिन्याकाठी अमुक इतके देऊ शकत नाही तिला या शहरात राहायचा हक्क नाही, हा त्याचा कायदा. नवे गाणे पहिल्या वर्षी कधीच पैसे देत नसते. ते फसते, पुन्हा उभे राहते, निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात. मद्य मात्र पहिल्या रात्रीपासून पैसे देते. म्हणून गिरण्यांच्या आवारात मद्यालये इतकी दाटीवाटीने वाढली की २९ डिसेंबर २०१७च्या रात्री कमला मिलच्या आवारात गच्चीवर आग लागली आणि चौदा माणसे मेली.

यावर आम्हाला नेहमी एक उत्तर मिळते. सभागृहे कमी कुठे झाली, उलट वाढलीच की! नरिमन पॉइंटला एनसीपीए आहे, वांद्रे-कुर्ला संकुलात २०२३ साली दोन हजार आसनांचे भव्य नाट्यगृह झाले, जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या स्टेडियमवर परदेशी बँडला लाखांनी गर्दी झाली. सगळे खरे. तिथली ध्वनिव्यवस्था उत्तम असते, शौचालये स्वच्छ असतात, आणि आम्हीही निमंत्रण मिळाले तर जातो. पण तिथे गाणे तयार होऊन येते. तयार कुठे होते? अमान अली खाँची सरगम दोन हजार लोकांसमोर घडली नाही; ती तालमीच्या खोलीत वर्षानुवर्षे घासली गेली. अण्णा भाऊंनी पहिले वग कामगार वस्तीतल्या माणसांसमोर करून पाहिले, कुठे हसतात, कुठे उठून जातात ते पाहिले. आज दहावीच्या वर्गातली एखादी मुलगी नागपाड्यात किंवा गोवंडीत स्वतःचे शब्द रचून रॅप म्हणते. तिला पन्नास माणसांसमोर उभे राहून चुकायचे असेल तर कुठे जावे? चुकण्याचेसुद्धा आगाऊ भाडे आहे या शहरात. मग ती मोबाइलसमोर गाते. तिच्यासमोर हसणारे आणि उठून जाणारे कुणी नसते, नुसता आकडा असतो.

चाळीचा उमाळा आम्हाला नाही, हे इथे स्पष्ट करतो. बीडीडीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत आठ-दहा माणसे कशी झोपत, सामाईक संडासापुढे पहाटे बायका कशा रांगेत उभ्या राहत, हे आमच्यातल्या काहींनी भोगले आहे. त्या कुटुंबांना ५०० चौरस फुटांचे घर मिळते याचा आनंदच आहे. भेंडीबाजारात ३१ ऑगस्ट २०१७ रोजी हुसेनी इमारत कोसळून ३३ माणसे दगावली. त्या ढिगाऱ्यासमोर उभे राहून जुन्या वाड्यांच्या सौंदर्यावर बोलण्याचा निर्लज्जपणा आमच्याने होणार नाही. साडेसोळा एकरांतल्या सुमारे अडीचशे जुन्या इमारतींच्या जागी नवे टॉवर उभारण्याचे काम तिथे सुरू आहे. ते व्हायलाच हवे. आमचा सवाल निराळा आहे. घराचे चौरस फूट मोजले, दुकानाचे मोजले, गाडीचेही मोजले. ज्या घराण्याने या वस्तीचे नाव देशभर नेले त्याच्या नावाची एक तालीमखोली असावी, अशी मागणी आपल्यापैकी किती जणांनी केली? आम्हीही केली नव्हती. हे लिहिताना लक्षात आले.

तेव्हा आता आपल्या घरात डोकावू. बिल्डर आणि सरकार यांना शिव्या देणे सोपे असते, आणि या वार्षिकाच्या वाचकांना त्या ऐकायला आवडतात हेही आम्हाला ठाऊक आहे. पण मोहल्ल्यातली कव्वाली काही एकट्या बिल्डरने बंद केली नाही. संगीत हराम आहे असे सांगणारे आवाज गेल्या तीस-चाळीस वर्षांत आपल्या वस्त्यांत वाढत गेले, आणि आपण गप्प बसलो. कुठे लग्नातून ढोलक गेला, कुठे उरुसातून गाणारी बाई गेली, कुठे कव्वाल आला तर त्याला मैदान द्यायचे की नाही यावर जमातीत वाद झाले. ज्या समाजाने या देशाला खयाल, सतार, सरोद आणि कव्वालीचे उस्ताद दिले, त्याच्या सभागृहात पेटी ठेवायला बंदी! बाजाराला जागा हवी होती आणि धर्ममार्तंडांना शांतता हवी होती. दोघांची गाठ पडली. आणि गंमत अशी की ईदे-मिलादच्या काही मिरवणुकांत आता इतरांच्या मिरवणुकांसारख्याच भिंतीएवढ्या डीजे लावल्या जातात. त्याला हराम म्हणणारा आवाज तेव्हा कुठे जातो? हार्मोनियमवर बंदी आणि डीजेला मुभा, ही कुठली शरियत?

दुसऱ्या बाजूचे शहाणेही याच मापाचे. उस्तादांचे गाणे 'आपले अभिजात संगीत' म्हणून मिरवायचे, आणि उस्तादाच्या नातवाला घर भाड्याने द्यायचे नाही. या माणसांशी वाद घालण्यात आम्ही बरीच वर्षे घालवली. असो.

सरकारचे काय? ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद; रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र. रुग्णाला झोप मिळाली पाहिजे याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. पण या नियमांनंतर धोबीतलावचे रंगभवन मुके झाले. तिथे १९७८ साली पहिली जॅझ यात्रा झाली होती, आणि रॉकच्या पोरांनाही ते आपले वाटे. आकाशाखालची, मध्यमवर्गाला परवडणारी, रेल्वे स्थानकांपासून चालत जाता येईल अशी दुसरी जागा दक्षिण मुंबईत त्यानंतर कुणी बांधली? एक जागा बंद करायची असेल तर तिच्या बदल्यात दुसरी देण्याची जबाबदारी कुणाची, हे नियमात लिहिलेले नाही. सणांसाठी वर्षातले काही दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. तमाशाचा फड मात्र दहाच्या ठोक्याला वग अर्धा टाकून उठतो. परळचे दामोदर नाट्यगृह सोशल सर्व्हिस लीगने १९२२ साली उभारले होते. कामगार रंगभूमीच्या कितीतरी पिढ्या तिथे घडल्या. २०२३ साली पुनर्बांधणीसाठी ते बंद झाले तेव्हा नाट्यकर्मी रस्त्यावर उतरले आणि मंत्रालयापर्यंत गेले. शंभर वर्षांची वास्तू वाचवायला आंदोलन करावे लागते. तिच्याहून लहान, नाव नसलेल्या खोल्या तर कुणाच्या लक्षातही न येता जातात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वाद्याला प्रमाणपत्र आहे. ते वाजवायला बसायचे कुठे, त्याचे प्रमाणपत्र कोण देणार?

मिरजेचे नाव निघालेच आहे तर थोडे थांबू. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ १९३७ साली वारले आणि मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. दरवर्षी उरुसात त्यांच्या स्मरणार्थ तिथे गाणे होते. नामांकित गवई येतात, हजेरी लावल्यासारखे गातात, आणि समोर मिरजेतला तांगेवाल्याचा पोरगा, भाजीवाली, वाद्ये बनवणारा सतारमेकर मांडी घालून बसलेला असतो. तिकीट नाही, पहिली रांग नाही. माहीमच्या मखदूम बाबांच्या उरुसात पोलीस चादर घेऊन येतात आणि रात्री कव्वाल बसतात. या जागा का टिकल्या, याचा विचार करा. तिथला श्रोता अधिक रसिक आहे म्हणून टिकल्या का? त्यांची जमीन विकता येत नाही, म्हणून टिकल्या. कुणा एका माणसाने कधीकाळी ती अल्लाच्या नावाने बाजारातून कायमची बाहेर काढून ठेवली. वक्फ या शब्दाचा अर्थच तो.

म्हणून आमची पहिली मागणी सरकारकडे नाही, आपल्याच न्यासांकडे आहे. मुंबई, पुणे, सोलापूर, औरंगाबाद, मालेगाव, भिवंडी इथे मुसलमान न्यासांची सभागृहे, मुसाफिरखाने, शाळांचे दिवाणखाने आहेत. २०२५च्या नव्या वक्फ कायद्यावर आपण बोलतो, मोर्चे काढतो, ते योग्यच आहे. पण जी जागा आपण वाचवू पाहतो तिचा उपयोग काय करतो? महिन्यातली एक संध्याकाळ गाण्याला द्या. भाडे नको, वीजबिल आम्ही भरू. कव्वाल बसेल, शाहीर उभा राहील, नागपाड्याची ती मुलगी येऊन चुकेल. शेजारच्या वस्तीतला भीमगीते गाणारा येईल. ज्यांना ऐकायचे नाही त्यांनी येऊ नये. महापालिकेकडे मागणी एवढीच की जिथे चाळ, गिरणी किंवा थिएटर पाडून टॉवर होतो तिथे तळमजल्यावर शंभर माणसांची एक खोली वस्तीच्या नावाने राखावी, तिचे भाडे त्या वस्तीच्या मजुरीवर ठरावे, आणि तिचा व्यायामशाळा किंवा विक्री कार्यालय म्हणून उपयोग होणार नाही हे कागदावर यावे. मुंबईत चौरस फूट नाहीत असे कुणी सांगू नये. गाड्या उभ्या करायला आठ-आठ मजले आहेत.

२९ ऑगस्ट हा अमर शेखांचा स्मृतिदिन. १९६९ साली त्या दिवशी अपघाताने हा आवाज गेला. यंदा आम्ही अशा पाच न्यासांना रीतसर पत्रे पाठवली. तिघांचे उत्तर नाही. एकाने सभागृहात रंगकाम चालू असल्याचे कळवले. पाचव्यांनी फारच आपुलकीने लिहिले आहे की मंगळवारी दुपारी दोन ते चार जागा मोकळी आहे, शाहिरांच्या कार्यावर व्याख्यान अवश्य ठेवावे, समाजाला त्याची गरज आहे; मात्र वाद्ये आणू नयेत. आम्ही उलट टपाली विचारले आहे की डफ हे वाद्य धरता का, कारण हदीसचे दाखले देणारे उलेमाही लग्नात आणि ईदेला दफ चालतो असे सांगत आले आहेत. पत्राला पोच मिळाली आहे. उत्तर यायचे आहे. मंगळवारची दुपार आम्ही धरून ठेवली आहे.